एडीएचडी: गोळी आधी, थेरपी आधी, की दोन्ही एकदम?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, सेमी-इंग्रजी शाळा, आम्ही नाशिकला. बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा), मिश्र प्रकार, असं निदान केलंय. घरचा फॉर्म मी भरला, शाळेचा त्याच्या बाईंनी, दोन्ही जुळले, बाकीच्या तपासण्या झाल्या. त्यामुळे निदानावर चर्चा नको.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. मिथाइलफेनिडेट ही गोळी, ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. आणि सोबत पालक-प्रशिक्षण, दर आठवड्याला एक सत्र. हे ऐकून नवरोबा म्हणाले, "त्रास त्याला आणि क्लास आपल्याला?" सासूबाईंचं वेगळंच. "पोराला गुंगीची औषधं देऊ नका, हाही लहानपणी असाच होता, झाला की नाही इंजिनियर?" मी मधल्या मधे.

प्रश्न असा, की दोन्ही एकदम सुरू केलं तर फरक कशाने पडला हे कळणार कसं? आणि दोन्हींची खरंच गरज असते का? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. "मोबाईल काढून घ्या" हा सल्ला भरपूर मिळालाय, तो सोडून काहीही चालेल.

—

सडेतोड_नाना:

आमच्या वर्गात असे पाच जण होते. गुरुजींची छडी हीच थेरपी. आता मुलाने जरा हातपाय हलवले की निघाले सगळे डॉक्टरकडे. औषध कंपन्यांचं भलं होतंय एवढं खरं.

—

उंबरठा:

नाना, त्या पाचांपैकी दहावीपर्यंत किती पोचले?

—

सडेतोड_नाना:

दोघं. पण त्याला घरची गरिबीही होती.

—

उंबरठा:

असेलही. बाकीचे तिघं छडीने सुधारले असते तर गरिबीतही टिकले असते, एवढंच म्हणतो.

पाटीपेन्सिल, माझी मुलगी अकरा वर्षांची. तिचा प्रकार उलटा, धावपळ नाही, दंगा नाही, नुसती हरवलेली. खिडकीतून बाहेर बघत बसते म्हणून कोणी तक्रारही केली नाही, त्यामुळे निदानच उशिरा झालं. आमचं औषध आधी सुरू झालं, थेरपी नंतर. व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, ज्या कोणी आधी सांगत नाही.

हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि ती दोन वर्षं जपायची त्याच्यावर सक्ती असते. विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून गल्लीतल्या मेडिकलमध्ये विचारलंत तर "नाही" एवढंच उत्तर येईल, वर दुकानदार संशयाने बघेल तो वेगळाच. मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातलं दुकान गाठा आणि शेवटची पट्टी सुरू व्हायच्या आत जा, कारण माल मधूनमधून गायब होतो.

गोळीच्या आधी पोटभर नाश्ता. भूक मरते, दुपारचा डबा तसाच परत येतो. आमच्याकडे सकाळी पोह्यांवर शेंगदाणे जास्त, दूध, अंडं, आणि रात्री साडेआठ-नऊला भूक परत येते तेव्हा गरम भात. त्या वेळी "आता कशाला खातेस" म्हणणाऱ्या आजीला समजावणं हे थेरपीपेक्षा अवघड गेलं.

आणि संध्याकाळ. कमी वेळ टिकणाऱ्या गोळीचा असर तीन-चार तास, जास्त टिकणाऱ्यांचा आठ ते बारा तास. असर उतरताना काही मुलं चिडचिडी, रडवेली होतात. नेमका तोच वेळ आपण गृहपाठाला काढतो आणि म्हणतो, औषधाचा उपयोग नाही.

—

मोगरी:

मी वर्तन-उपचार करते, पालकांचे गट घेते. नवरोबांना माझ्याकडून सांगा, क्लास तुम्हालाच. आठ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून तासभर एकट्याला समोर बसवून गप्पा मारल्या, चित्रं काढून घेतली, तर तो मजेत असतो, पण वर्गातलं वागणं त्याने बदलत नाही. बक्षीस किंवा परिणाम लगेच मिळाला तरच या मुलांना तो पोचतो. तो देणारी माणसं म्हणजे घरचे आणि शिक्षक. म्हणून प्रशिक्षण मोठ्यांचं.

साधारण आठ-बारा सत्रं असतात. त्यात काय असतं याचा एक नमुना देते. "आवरतोस का जरा?" हा प्रश्न आहे, त्याला "नाही" हे उत्तर मिळू शकतं. "दप्तर आवर, हातपाय धू, वही काढ आणि आधी टीव्ही बंद कर" या चार सूचना आहेत, त्यातली शेवटची फक्त कानावर पडते. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, "बूट कपाटात ठेव" एवढंच म्हणायचं, आणि पाच सेकंद गप्प बसायचं. ते पाच सेकंद आयांना सगळ्यात जड जातात. बूट ठेवला की त्याच क्षणी, "सांगितल्याबरोबर बूट ठेवलास, छान." नुसतं "गुड बॉय" नाही, काय केलं ते म्हणायचं.

आणखी एक. लक्ष वेधण्यासाठी केलेल्या कटकटीकडे दुर्लक्ष करायला शिकवतो, तेव्हा पहिले काही दिवस ती कटकट वाढते. बरेच पालक तिथेच सोडून देतात आणि मुलाला शिकवण मिळते की जास्त ओरडलं की काम होतं. हे आधी माहीत असेल तर निभावता येतं.

अवांतर: डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे, मेंदूचे दोन भाग जोडून देणारे क्लास कृपया वर्तन-उपचार समजू नका. हजारो रुपये जातात.

—

औषधी:

मी बालरोगतज्ज्ञ. हे सर्वसाधारण बोलणं आहे, तुमच्या मुलाचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

दोन्हींची गरज आहे का, या प्रश्नावर सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतला, एमटीए नावाचा, १९९९ साली प्रसिद्ध झालेला. ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं, चार गट, १४ महिने उपचार. एका गटाला फक्त औषध, पण नीट दिलेलं: डोस पायरीपायरीने वाढवून पक्का केलेला, मग दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट. दुसऱ्याला फक्त वर्तन-उपचार, तोही भरभक्कम: पालकांची सत्रं, आठ आठवड्यांचं उन्हाळी शिबिर, वर्गात मदतनीस. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला सांगितलं, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा.

लक्ष न टिकणं, चुळबुळ, उतावळेपणा या मूळ लक्षणांवर औषधाचा गट आणि दोन्हींचा गट जवळजवळ बरोबरीत आले, आणि बाकी दोघांच्या पुढे. इथवर वाचून काही डॉक्टर थेरपीचं नावच सोडून देतात. पण उलट बोलणं, आक्रमकपणा, चिंता, इतर मुलांशी वागणं, आईबापांशी संबंध या बाबतीत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठामपणे सरस ठरला तो दोन्हींचा गट. नुसत्या औषधाला तिथे तशी आघाडी मिळाली नाही. शिवाय डोस कमी लागला. दोन्ही घेणारी मुलं शेवटी दिवसाला सरासरी ३१ मिलिग्रॅमच्या आसपास होती, फक्त औषधवाली ३८ च्या आसपास. माझ्या मते आईबापांना सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

अजून एक खाचखळगा. चौथ्या गटातल्या दोन-तृतीयांश मुलांनाही औषध चालू होतं, तरी ती मागे राहिली. डोस कमी, डॉक्टरांच्या भेटी क्वचित आणि घाईच्या. आपल्याकडे "सहा महिन्यांनी दाखवा" म्हणून चिठ्ठी मिळते, तेव्हा आपण याच चौथ्या गटात असतो.

आधी काय? यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम पेल्हम यांच्या गटाने २०१६ साली १४६ मुलांवर काम प्रसिद्ध केलं. निम्म्यांना सुरुवात थेरपीने, निम्म्यांना औषधाने, आणि पुरेसा फरक नाही पडला तर एकतर तेच वाढवायचं किंवा दुसरं जोडायचं. वर्गातले नियम मोडणं थेरपीने सुरुवात केलेल्यांत कमी राहिलं. त्यात एक गंमत अशी, की ज्यांनी औषधाने सुरुवात केली त्यांच्या पालकांना नंतर पालक-वर्गाला बोलावलं तर ते फारसे आलेच नाहीत. गोळीने घर शांत झालं की क्लासला कोण जातं?

चार ते सहा वर्षांच्या मुलांत अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी पालक-प्रशिक्षणच सांगते, सहाच्या पुढे औषध आणि वर्तन-उपचार सोबत. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनाही पाच वर्षांपुढच्या मुलांत आधी पालकांना मदत, घर-शाळेत बदल, आणि त्यानंतरही अडचण उरली तर औषध, असं म्हणतात. तुमचा मुलगा आठचा आहे आणि त्रास किती आहे हे मला दिसत नाही. शाळेतून काढायची भाषा चालली असेल किंवा तो रस्त्यावर धावत सुटत असेल, तर औषधाला थांबू नये.

कशाने फरक पडला ते कळेल. या गोळीचा असर तासाभरात दिसतो आणि त्याच दिवशी उतरतो, थेरपीला आठवडे लागतात. फक्त एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलू नका. डोस बदलला त्या आठवड्यात नवा नियम नको. आणि शक्य असेल तर बाईंना डोस बदलल्याचं न सांगता फॉर्म भरून घ्या.

सुरू करण्याआधी वजन, उंची, नाडी, रक्तदाब, आणि घरात कुणाला लहान वयात हृदयाचा त्रास किंवा अचानक मृत्यू झालाय का, हे विचारलं गेलं पाहिजे. नसेल विचारलं तर तुम्हीच सांगा. सासूबाईंना सांगा, हे गुंगीचं औषध नाही, उत्तेजक वर्गातलं आहे. मूल मलूल, निर्विकार दिसायला लागलं तर डोस जास्त होतोय, लगेच कळवायचं.

—

सडेतोड_नाना:

डॉक्टर, तुमचाच एमटीए मी गुगलून वाचला. तीन वर्षांनी पाहिलं तर चारही गटांत फरक उरला नाही म्हणे. हे का नाही सांगितलंत?

—

औषधी:

रास्त मुद्दा. १४ महिन्यांनंतर अभ्यासातले उपचार संपले, जो तो आपल्या वाटेने गेला. काहींचं औषध सुटलं, काहींचं नव्याने सुरू झालं, गट एकमेकांत मिसळले. त्यावरून काहीजण म्हणतात की औषधाचा दीर्घकाळ फायदा नाही, काहीजण म्हणतात की उपचार थांबले म्हणून फायदा थांबला. मी दुसऱ्या बाजूचा, पण पहिली बाजू खुळचट नाही. आणि वर्षानुवर्षं नियमित औषध घेतलेल्यांची उंची थोडी कमी राहिल्याचंही त्याच मुलांच्या पुढच्या तपासणीत दिसलं. म्हणून उंचीचा तक्ता दर भेटीत भरायचा.

अजून एक सांगतो, म्हणजे एकतर्फी वाटणार नाही. पेल्हम यांच्याच गटाने २०२२ मध्ये १७३ मुलांवर पाहिलं: गोळी घेतल्यावर मुलं जास्त गणितं सोडवतात, वर्गात नीट बसतात, पण नवीन धडा गोळीमुळे जास्त शिकली असं काही दिसलं नाही. "गोळी दिली, आता मार्क वाढतील" ही अपेक्षा ठेवू नका.

—

खडूफळा:

मी प्राथमिक शिक्षिका. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, तरीही एक गोष्ट जमते: रोजचं कार्ड. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर तीनच ओळी. "सांगितल्यावर वही काढली." "हात वर करून बोललो." "डबा संपल्यावर दप्तरात ठेवला." प्रत्येक तासाला खूण. ओळी अशा निवडायच्या की पहिल्या आठवड्यात त्याला बहुतेक खुणा मिळाल्याच पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्ड हरवतं. माझ्या हातून आठ सेकंद जातात.

घरचं काम म्हणजे कार्ड बघून त्याच संध्याकाळी मोबदला. ठरलेल्या खुणा भरल्या तर बाबांबरोबर कॅरमचा एक डाव, किंवा उद्याची भाजी तो ठरवणार. "वर्षभर चांगला वागलास तर सायकल" हे या मुलांसाठी पंचवार्षिक योजना. आणि कार्ड रिकामं आलं तर रागवायचं नाही, आज डाव नाही, इतकंच.

पालकांना एक विनंती. गोळी चालू आहे हे वर्गशिक्षकांना सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दुपारी दोननंतर मूल बदलतं हे आम्हाला दिसतंच, कारण कळलं तर अवघड विषय सकाळच्या तासांना घेता येतो. मात्र कुठल्या शिक्षकाला सांगायचं ते बघून. एका शाळेत "गोळी घेतली नाहीस का आज?" असं भर वर्गात विचारलं गेलेलं मला माहीत आहे.

—

कळवा_लोकल:

मी चौतीस वर्षांचा, निदान गेल्याच वर्षी. मोठ्यांसाठीही लिहितो कारण पाटीपेन्सिल यांच्या यजमानांनी वाचावं असं वाटतं. "मीही असाच होतो" हे वाक्य डॉक्टरांसाठी उपयोगाचं आहे, हा आजार घराण्यात चालतो.

मला ॲटोमॉक्सेटिन दिलं. ते उत्तेजक नाही, शेड्यूल एक्सची कटकट नाही, पण असर यायला चार-सहा आठवडे. नंतर मिथाइलफेनिडेट. पहिल्या दिवशी लक्ष लागलं ते इतकं की चार तास एका प्रेझेंटेशनचा फॉन्ट बदलत बसलो. डेडलाइन गेली. गोळीने लक्ष मिळतं, ते कुठे लावायचं हे गोळीला माहीत नसतं.

तेव्हा थेरपिस्टकडे सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची थेरपी) सुरू केली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने २०१० मध्ये हेच तपासलं होतं: औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ मोठ्या माणसांपैकी निम्म्यांना सीबीटी, निम्म्यांना विश्रांतीचं तंत्र. सीबीटीवाल्यांना जास्त फायदा झाला. माझ्या सत्रांत मनाच्या खोल गप्पा फार नव्हत्या. एकच कॅलेंडर, एकच यादी, मोठ्या कामाचा पहिला तुकडा पंधरा मिनिटांचा, आणि "मी आळशीच आहे" हे डोक्यातलं तुणतुणं तपासून बघणं. कंटाळवाणं आहे. म्हणूनच गोळीच्या वेळेत बसून करतो.

—

मिशिगनकर:

इकडची, अमेरिकेतली गंमत ऐका. आमच्या मुलाला शाळेने लेखी सवलती दिल्या: पुढची बाक, परीक्षेला जास्त वेळ, मधे उठून पाणी आणायची परवानगी. औषध विम्यातून. सगळं आलबेल वाटत होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथल्या औषध नियामक एफडीएने ॲडरॉल या एडीएचडीवरच्या औषधाचा तुटवडा जाहीर केला आणि महिन्यामहिन्याला पाच-सहा फार्मसींना फोन करणं हेच काम झालं. ज्या घरांत फक्त गोळी होती तिथे हाहाकार. आमच्याकडे तक्ता, टायमर, रोजचं कार्ड आधीपासून रुळलेलं होतं, त्यामुळे वाईट आठवडे होते पण घर कोसळलं नाही. (ॲडरॉल भारतात मिळत नाही, त्यामुळे इथून जाणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलून पर्याय ठरवावा.)

—

उंबरठा:

सवलतींवरून आठवलं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता (एलडी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) आहे. बऱ्याच मुलांना दोन्ही असतं. वाचनात-लेखनात वयाच्या मानाने फारच मागे असेल तर ती चाचणीही करून घ्या, परीक्षेतल्या सवलती त्या दाखल्यावर मिळतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात एलडी क्लिनिक आहे. गोळी कितीही चांगली लागली तरी डिस्लेक्सिया तिने जात नाही.

—

पाटीपेन्सिल:

सगळ्यांचे मनापासून आभार. खूप दिवसांनी येतेय.

आम्ही पालक-वर्ग आधी सुरू केला, कारण डॉक्टरांनीही विचारल्यावर "सहा-आठ आठवडे बघू" म्हटलं. नवरोबा पहिल्या दोन सत्रांत घड्याळ बघत होते. तिसऱ्यात सूचना देण्याचा सराव होता, तिथे वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्यांनाच मुलगा केलं आणि मला आई. मी एका दमात पाच सूचना दिल्या आणि हे गोंधळून उभे राहिले. त्या दिवसापासून घरात सूचना एकेक येतात.

सकाळचं आवरणं सुधारलं. मारामाऱ्या कमी झाल्या. पण वर्गात बसणं, लिहून पूर्ण करणं जागचं हललं नाही. कार्डावर "वही काढली"ला खूण, "लिहून संपवलं"ला फुली. मग गोळी सुरू केली. ५ वर काही नाही, १० वर बाईंचा फोन आला, "आज काय केलंत?" त्यांना सांगितलं नव्हतं. डबा अर्धा परत येतो, वजन या महिन्यात वाढलं नाही, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. गृहपाठ आता शाळेतून आल्याआल्या, खेळायला जायच्या आधी.

सासूबाई गोळीच्या विरोधातच आहेत, पण कार्डाचा हिशोब त्याच ठेवतात आणि त्यात कुणाला सूट नाही, मलाही नाही.

दोन प्रश्न. शनिवार-रविवारी गोळी बंद ठेवायची का? आणि दिवाळीत भावाकडे दुबईला जायचंय, गोळ्या सोबत नेता येतात ना?

—

औषधी:

१० मिलिग्रॅमवर फरक दिसला हे चांगलं. सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायची की नाही हे त्रास कुठे आहे त्यावर ठरतं. फक्त वर्गातच अडत असेल आणि वजन अडलं असेल तर डॉक्टर सुट्टी देतात. खेळात, भावंडांत, रस्त्यावरही तितकाच उतावळेपणा असेल तर रोज. एमटीएमध्ये सातही दिवस दिली होती. स्वतःहून ठरवू नका, पुढच्या भेटीत वजनाचा आकडा घेऊन विचारा.

—

मिशिगनकर:

दुबईबद्दल: बिनधास्त बॅगेत टाकून जाऊ नका. यूएईमध्ये हे नियंत्रित औषध आहे, तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी ऑनलाइन काढावी लागते. डॉक्टरांचं पत्र, चिठ्ठी, पासपोर्टची प्रत तयार ठेवा, गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, आणि तिकीट काढल्याबरोबर अर्ज करा. परवानगी वेळेत नाही आली तर सुट्टीतले तेवढे दिवस गोळीविना काढायचे का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

—

खडूफळा:

आणि कार्ड न्या. त्याला परवानगी लागत नाही. फक्त ओळी बदला: "मॉलमध्ये हात धरून चाललो" ही पहिली.